शाल नको, बदली माणूस द्या

(वाचकांचे प्रश्न. वस्तीवरच्या, द्राक्षमजुरांच्या, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांबद्दलची पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं देणाऱ्या ताईंनी नाशिकमधल्या अशाच एका संस्थेत २२ वर्षं हिशेब लिहिले.)

प्रश्न : ताई, आम्ही कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी भेटणारी सोळा-सतरा मंडळी. डिसेंबरात एकाच्या नातवाच्या वाढदिवसाला पेठ रोडकडच्या एका संस्थेत मुलांना जेवण दिलं. मुलं गोड होतीच, पण आमच्या मनात राहिली ती तिथली माणसं. स्वयंपाकाच्या बाई पोळ्या लाटता लाटता मध्येच उठून एका मुलाच्या कपाळाला हात लावून ताप बघत होत्या. आम्ही वर्गणी काढून ३५,००० रुपये जमवले आहेत. छोटा हॉल घेऊन सगळ्या कर्मचाऱ्यांचा सत्कार करायचा विचार आहे. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह ठरलंय. आणखी काय द्यावं?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : पोळ्या लाटणारी बाई तुम्हाला दिसली, यातच निम्मं काम झालं. आमच्याकडे जेवण द्यायला आलेल्यांपैकी स्वयंपाकघरात डोकावून ‘मावशी, तुम्ही जेवलात का?’ असं विचारणारे मी मोजले होते. २२ वर्षांत दुसऱ्या हाताची बोटं लागली नाहीत.

आता सत्काराचं. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींकडे अकरा शाली होत्या. नाशकात शाल लागते डिसेंबर-जानेवारीत आणि सत्कार होतात मार्चअखेर, वर्षाचा निधी संपवायच्या घाईत. भर उन्हात घाम पुसत मावशी शाल पांघरून उभ्या राहायच्या. त्यातल्या चार त्यांनी कापल्या आणि बालवाडीतल्या पोरांच्या तान्ह्या भावंडांसाठी दुपटी शिवली. जर टोचते म्हणून आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं. नारळांची चटणी झाली. एक स्मृतिचिन्ह वाऱ्याने दार आपटू नये म्हणून अडसराला होतं. चांगलं जड होतं, उपयोगी पडलं.

एकदा ३१ मार्चला रोजकीर्द जुळल्यावर (१४ रुपयांचा फरक होता, रात्री साडेनऊला सापडला) चहा पिता पिता मी सगळ्यांना विचारलं, संस्थेने तुमच्यावर थोडा खर्च करायचा ठरवला, तर काय मागाल? गाडीवाले दादा म्हणाले, रविवारी फोन बंद ठेवायची परवानगी. रात्रीच्या पहारेकऱ्यांना पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी होती. सहा वर्षं ते स्टुलावर बसून रात्र काढत होते आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. बालवाडीच्या बाईंना पगार सात तारखेच्या आत हवा होता, कारण घरमालक आठला दारात उभा. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘एक दिवस मला कुणीतरी ताट वाढा. गरम.’

हे मला पुढे फार वेळा आठवलं. छोट्या संस्थेत सुट्टी कागदावर असते. एक जण रजेवर गेली की तिचं काम थांबत नाही, शेजारच्या बाईच्या अंगावर येतं. ते माहीत असतं म्हणून ती रजाच घेत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला. लोक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर चढलं ते बघायला गर्दी करत होते. मावशी राहायच्या जुन्या नाशकात, आमची जागा पंचवटीच्या बाजूला. वरच्या पुलावरून वळसा घालून, अर्धा रस्ता चालत, त्या आल्या. पातळ पिळून त्याच ओल्या अंगाने चाळीस जणांची खिचडी टाकली. हजेरीपटावर त्या तारखेला त्यांच्या नावापुढे ‘ह’ आहे, बाकी काही नाही. मीच लिहिलाय तो.

तेव्हा तुमच्या पैशाचा हिशेब असा. बदली स्वयंपाकीण रोजचे ६०० रुपये धरले, तर ३५,००० मध्ये ५८ दिवस होतात. चार बायकांना प्रत्येकी चौदा दिवस खरीखुरी सुट्टी, आणि मागे कुणाच्या डोक्यावर ओझं नाही. वर दोन दिवस आणि २०० रुपये उरतात, त्या रुपयांत तुमच्यापैकी दोघांची मिसळ होईल.

पैसे पाकिटात घालून एकेकीच्या हातात देऊ नका. समोर दिसणाऱ्यांना मिळतात आणि मागे भांडी घासणारी राहून जाते. संस्थेच्या नावाने चेक द्या, सोबत दोन ओळींचं पत्र द्या की ही रक्कम फक्त बदली कर्मचाऱ्यांसाठी आहे, आणि पावतीवर तसं लिहून घ्या. म्हणजे हिशेबात ती वेगळी दाखवावी लागते आणि वर्षाने तुम्हाला विचारता येतं. रोख देण्याचा आग्रह धरू नका. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलतही मिळत नाही.

कार्यक्रम करायचाच असेल, तर एका रविवारी तिथेच जा. स्वयंपाक तुम्ही करा, त्यांना बसवा आणि वाढा. रोज ट्रॅकला फेऱ्या मारणाऱ्यांना चाळीस ताटं वाढणं जड जायला नको. भाषण मात्र करू नका, भात गार होतो.

प्रश्न : मी एका बालसंस्थेला दरवर्षी देणगी देतो. या वेळचा अहवाल नीट वाचला, तर शंभरातले ६२ रुपये पगारावर गेलेले. मी पैसे मुलांसाठी दिले होते, नोकरांसाठी नाही. ही देणगीदारांची फसवणूक नव्हे काय?
– निवृत्त वाचक, नाशिकरोड

उत्तर : ‘नोकर’ हा शब्द तुम्ही रागात लिहिला असेल असं धरून पुढे जाते.

मुलांवरचा खर्च म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वही, दप्तर, जेवणाचं ताट येतं. माझ्यापुढे व्हाउचरची फाइल येते. ‘फणी १ नग, १५ रु., उवांसाठी.’ ‘वडापाव २, सीबीएस, रात्री ११.४०.’ त्या दुसऱ्या व्हाउचरमागे सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडवर, एकटा सापडलेला एक पोरगा आहे, आणि त्याला रात्रभर सोबत करून सकाळी बालकल्याण समितीपुढे उभा करणारे आमचे गाडीवाले दादा आहेत. मुलगा काही खाईना, म्हणून दादांनी आधी स्वतः एक खाऊन दाखवला. आमच्या खजिनदारांनी विचारलं होतं, दोन कशाला?

तिसरं व्हाउचर : ‘शेअर रिक्षा, गिरणारे, जाऊन-येऊन.’ अशी लागोपाठ १९ आहेत. गिरणाऱ्याला मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूलकडची माणसं पहाटे येऊन उभी राहतात, बागाईतदार येतात, भाव ठरतो, पिकअप भरून बागेत जाते. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की डिपिंग (घड संजीवकाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी, मग एप्रिलपर्यंत खुडणी. कुटुंबच्या कुटुंब पाल ठोकून राहतं. अशा एका पालावर सात वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत बसायची. आमच्या बाई तिच्यासाठी १९ दिवस गेल्या. आईशी बोलल्या, आजीशी बोलल्या, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. विसाव्या दिवशी मुलगी आली, भावाला कडेवर घेऊनच. भाऊ वर्गात झोपला आणि ती पाटीवर रेघोट्या मारत बसली.

त्या १९ दिवसांत वह्यांचा खर्च शून्य. पगाराचा खर्च १९ दिवसांचा. तुमच्या भाषेत तो सगळा नोकरांवर गेला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायला शाळा बांधील आहे. पण पालापासून शाळेच्या दारापर्यंत कायदा चालत जात नाही, बाई जातात.

हिशेबातली एक गंमत सांगते, तुम्हाला आवडेल. धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या परिशिष्ट ९ मध्ये, म्हणजे उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात, ‘आस्थापना खर्च’ असा एक रकाना असतो आणि ‘संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च’ असा दुसरा. बाईंचा पगार पहिल्यात टाकला की संस्था उधळी दिसते, दुसऱ्यात ‘शैक्षणिक’ म्हणून टाकला की आदर्श. बाई त्याच, पगार तोच. परदेशी देणग्यांच्या कायद्याने २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. पण त्याचेच नियम सांगतात की शाळेतल्या शिक्षकाचा किंवा रुग्णालयातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय खर्चात धरायचा नाही. इतकं तर सरकारलाही कळलंय.

तरी तुम्ही जाब विचाराच. फक्त ६२ या आकड्यावर अडू नका. विश्वस्तांना मोबदला जातो का, ते विचारा. परिशिष्टात त्याची स्वतंत्र ओळ असते. सर्वांत कमी पगार किती आणि कुणाला? भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? दोन वर्षांत किती जणी सोडून गेल्या? एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायला चिटणीस घुटमळले, तर तिथे खणा.

मी हे का सांगतेय तेही ऐका. आमच्या संस्थेत पगारपत्रकावर ‘मानधन’ असा मथळा होता. मी एका एप्रिलात तो खोडून ‘पगार’ लिहिला. एका विश्वस्तांनी लाल पेनाने पुन्हा ‘मानधन’ केलं आणि म्हणाले, ‘आपण इथे नोकरी करत नाही, सेवा करतो.’ खरं कारण वेगळं होतं. वीस कर्मचारी झाले की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो, आणि आम्ही कागदावर एकोणीस होतो. विसावी संडास धुणारी बाई. तिला नऊ वर्षं पगारपत्रकाबाहेर, व्हाउचरवर ठेवलं. सलग पाच वर्षं नोकरी झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार उपदान (ग्रॅच्युइटी) म्हणून द्यायचा, असं तेव्हा लागू असलेला १९७२ चा कायदा सांगत होता. ती गेली तेव्हा आम्ही तिला साडी दिली. ती नऊ वर्षांची व्हाउचरं माझ्याच अक्षरात आहेत.

तुमची देणगी चालू ठेवा. ६२ चे ७० झाले तर मला कळवा, मी पेढे पाठवीन.

प्रश्न : मुलाचा पहिला वाढदिवस एका बालगृहात केला. मुलांसोबत फोटो काढायला लागलो, तर तिथल्या एका बाईंनी सरळ हात आडवा घातला. आम्ही स्वखर्चाने केक नेला होता. इतका उद्धटपणा बरा का?
– एक वडील, पाथर्डी फाटा

उत्तर : बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ज्यातून ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या बाई उद्धट नाहीत, त्या तुम्हाला वाचवत होत्या, आणि त्याआधी त्या मुलांना. बहुधा त्यांना अशी बोलणी दर रविवारी खावी लागत असतील. पुढच्या खेपेला केकचा फोटो काढा आणि बाईंना एक तुकडा द्या.

प्रश्न : काकू, मी १९ वर्षांची आहे. माझी आई ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहात गृहमाता आहे, ११ वर्षं. दिवाळीला ती कधीच घरी नसते. तिला तिथल्या चाळीस मुलांचे वाढदिवस पाठ आहेत, माझा मी आठवण केल्यावर कळतो. घरी आली तरी रात्री झोपेत मुलं मोजते. आता संस्था तिचा गौरव करणार आहे आणि मी तिच्याबद्दल चार शब्द बोलावेत असं त्यांना वाटतं. मला अभिमान वाटायला हवा, पण मला राग येतो. काय बोलू?
– सिडको

उत्तर : तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात ‘तुझी आई किती थोर’ असं बरंच होतं. ते तुला अकरा वर्षं सगळेच सांगत आलेत.

आमच्याकडे दिवाळीच्या पाळ्या मी लावायचे. ऊसतोडीची माणसं दिवाळीच्या आगेमागे घर सोडतात ती मार्च-एप्रिललाच परततात, म्हणून त्यांची पोरं हंगामी वसतिगृहात राहतात. शाळेला सुट्टी, गावात फटाके, आणि वसतिगृह गच्च भरलेलं. कुणीतरी राहायलाच हवं. आमच्या गृहमाता कशालाच नाही म्हणत नसत. बाकीच्या जणी कुरकुर करायच्या, कुणाची सासू, कुणाचा पहिला दिवाळसण. मग मी काय करायचे? लक्ष्मीपूजन यांच्या नावावर, पाडवा यांच्या, भाऊबीजही यांच्याच. सात वर्षं. मी लोकांना कौतुकाने सांगायचे की बघा, कसं वाहून घेतलंय.

आठव्या वर्षी त्यांचा मुलगा, बारावीत होता, माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘काकू, आमच्या घरीपण दिवे लागतात.’ आणि गेला.

त्या वर्षी पाडव्याला मी राहिले. एका पोराने चिवडा खाऊन खाऊन ओकारी केली. एक मुलगी रात्री दोनपर्यंत ‘आई कुठल्या कारखान्याला गेली’ एवढंच विचारत होती. मला कारखान्याचं नाव माहीत नव्हतं. तुझ्या आईला माहीत असतं, चाळीसच्या चाळीस. मला ते एका रात्रीत पेललं नाही, हेही तुला सांगायला हवं. घरी आमच्या ह्यांनी एकट्याने फराळ केला. काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, चकली जरा मऊ झाली होती.

तेव्हा राग खरा आहे, तो गिळू नकोस. पण त्याचा पत्ता बघ. आईने नाही म्हणायला हवं होतं, हे एक. आणि कुणीतरी वहीत तिचं नाव पुन्हा पुन्हा लिहिलं, हे दुसरं. माझ्यासारखी कुणीतरी तिथेही असणार, आणि कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत बसलेली असेल.

बोलशील तर ‘माझी आई झोपेत मुलं मोजते’ हे बोल. तू मला लिहिलेल्या पत्रातलं तेच वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. फक्त ते आधी आईला घरी सांग. माइकवरून तिने ते पहिल्यांदा ऐकू नये. आणि शेवटी पहिल्या रांगेकडे बघून हसत विचार, ‘येत्या दिवाळीला पाळी कुणाची?’ उत्तर येईपर्यंत माइक सोडू नकोस.

वाढदिवसाचं आईला मी सांगू शकत नाही, ते तुझं तुलाच भांडायला हवं.

प्रश्न : वडिलांच्या तिथीला वस्तीतल्या मुलांना जेवण द्यायचं आहे. चालेल ना?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : चालेल. पण पितृपक्षात आमच्याकडे एकेका दिवशी तीन घरची खीर यायची आणि मे महिन्यात तेलाचा डबा उधारीवर. फ्रिज एकच, खीर सांभाळायची मावशींनी. तिथीला घरी पान वाढा आणि संस्थेच्या वाण्याकडे मे महिन्याचे पैसे भरून ठेवा. काय आणायचं ते चिटणिसांना नाही, स्वयंपाकघरात विचारा.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही संस्थेतल्या माणसांबद्दल थोडं लिहिलं होतंत, तेव्हाही ‘मावशी’, ‘दादा’ एवढंच. इतकी वर्षं राबलेल्या माणसांची नावं छापायला काय हरकत आहे?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : मलाही तसंच वाटलं, म्हणून मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘छापा की. पण मागे पेपरात नाव आलं होतं ना सत्काराचं, तेव्हा गल्लीतल्या चार जणी उसने पैसे मागायला आल्या. त्यांना वाटलं, बक्षीस मिळालं. मी म्हटलं, शाल आहे, नेता का? एक नेलीपण.’

म्हणून नाव नाही. भेटायला जायचं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर मला लिहा, त्यांना विचारून कळवते. गुडघे दुखतात, पण गप्पा मारायला बऱ्या आहेत. जेवायच्या वेळेला जाणार असाल तर डबा घेऊन जा, नाहीतर त्या उठून स्वयंपाकाला लागतील.